पावणेदोन मिलिमीटर

सावंतकाका येण्याआधी त्यांच्या बुटांचा आवाज यायचा. पाय आठ नंबरचे आणि बूट नऊ नंबरचे, पुढे कापूस कोंबलेला. त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच एकदा काकांच्या मर्जीने आणि एकदा स्वतःच्या मर्जीने जमिनीला लागायची. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की ती फटक-फटक कॉरिडॉरभर ऐकू यायची आणि शेजारच्या दारामागे त्यांच्या पत्नी शैलाकाकू चहाचं आधण ठेवायच्या. मापाचे बूट घेतले तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारलं होतं. काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "मीनल, पाय सुजतात, मोजे जाड निघतात. कुठलीही वस्तू एक नंबर वरची घ्यावी. मोठी असली तर आत काहीतरी कोंबता येतं, लहान असली तर काय कापणार?"

ते एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट होते. म्हणजे जहाज सिंगापूरला लागलं की शिडी चढून वर जायचं, इंजिनरूममध्ये वाकून वाकून बघायचं आणि कुठला पार्ट आता बदलायचा, कुठला आणखी एक फेरी काढेल ते ठरवायचं. भर समुद्रात दुकान नसतं, हे त्यांचं लाडकं वाक्य. जहाजावर ते शहाणपणाचं होतं. पण काका ते वाक्य बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोतही तसंच चालवायचे, जिथे दुकान लिफ्टने खाली उतरलं की समोर होतं. दोन माणसांच्या घरात सेरांगून रोडवरून दहा लिटरचा कुकर आला. काकूंनी तो एकदाच वापरला, त्यात शिजलेला भात आम्हा तीन शेजाऱ्यांना वाटला आणि नंतर त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली. छत्री गोल्फवाल्यांची. ती उघडून काका गेटमधून आत आले की सिक्युरिटीचा राजू अंकल हसून म्हणायचा, "अंकल, यू ब्रिंग टेंट आह?"

मी नागपूरची. वन-नॉर्थला एका लॅबमध्ये काम करते. आमच्या घरी पंचशीलातलं पहिलं शील, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं, आई रोज म्हणायची आणि रविवारी त्याच तोंडाने आम्हाला मटण वाढायची. त्यामुळे काका शिकारीचे शौकीन आहेत हे कळल्यावर नाक मुरडायचा मला काही अधिकार नव्हता. तरी मी थोडंसं मुरडलं. काकांनी ते टिपलं. "तू मला मनात नावं ठेवत असशील," ते म्हणाले, "ठेव. पण मी तुझ्यासारखं पॅकेटमधलं उचलून आणत नाही. ज्याला मारतो त्याच्याकडे बघून मारतो."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण पुढे त्यांनाच ते जड गेलं.

आमच्या कॉन्डोमागे जंगलाचा एक पट्टा आहे. तिथून रानडुकरं येतात, कुंपणाजवळ गवत उकरतात, आणि मग मॅनेजमेंटकडून जवळ जाऊ नका, खायला घालू नका अशा सूचना येतात. इतर रहिवासी खिडक्या लावून घ्यायचे. काका बाल्कनीत येऊन उभे राहायचे. एका संध्याकाळी मला हाक मारून त्यांनी कुंपणापलीकडची डुकरीण दाखवली, मागे तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. "बघ, पुढच्या पायाच्या वर, तिथे," ते कुजबुजले, "तिथे गोळी लागली तर तिला कळतसुद्धा नाही." मग लगेच म्हणाले, "पिल्लंवालीला मारत नाहीत हं. असंच सांगितलं." त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की मीच त्या डुकरिणीची नातलग असल्यासारखं मला वाटलं.

त्यांचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, रानाच्या अगदी तोंडाशी. शिकारीवर बंदी यायच्या आधीच्या काळात काकांचे वडील गावच्या शिकारीच्या टोळीत होते. डुकरं भाताची शेतं लोळवायची, मग माणसं रान उठवायला जायची. पडलेल्या जनावराचे वाटे व्हायचे: रान उठवणाऱ्यांना, कुत्रेवाल्याला, देवाला. त्यांच्या गावात एक रीत होती. ज्याच्या हातून जनावर नुसतं जखमी होऊन रानात गेलं आणि सापडलं नाही, त्याने वाट्याला बसायचं नाही. पुढची शिकार त्याच्या हातून एका गोळीत स्वच्छ होईपर्यंत त्याच्या तोंडात मांस जायचं नाही, घरचं कोंबडंही नाही. त्याला कोणी दंड करत नसे, कोणी बोलतही नसे. तो पानावर बसला की बाई त्याला गपचूप डाळ वाढायची आणि सगळे खाली मान घालून जेवायचे.

ही रीत मला काकूंनी सांगितली. निमित्त मटणाचंच. रिटायर झाल्यावर काका न्यूझीलंडला गेले. तिथे हरणं इतकी माजतात की शिकारीला परवानगी आहे, आणि शेतकरी स्वतःच्या रायफली देऊन, सोबत राहून पाहुण्यांना शिकार करवतात. ते परत आल्यावर मी उत्साहाने मटणाचा डबा घेऊन गेले, तर काका म्हणाले, डॉक्टरने कोलेस्टेरॉलसाठी बंद केलंय. महिने गेले. डॉक्टर काही बोलेना आणि काका काही खाईनात. शेवटी एकदा काका खाली गेले असताना काकूंनी ओट्याशी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "डॉक्टर बिक्टर काही नाही गं. यांच्या गोळीने हरीण लंगडत गेलं. दोन दिवस शोधलं, रक्त दिसायचं, मग तेही दिसेना. तेव्हापासून हा माणूस वाट्याला बसत नाही. सिंगापुरात. कोण बघायला येणार आहे इथे?"

काकांनी मात्र बाहेर सगळ्यांना एकच कारण सांगितलं होतं: रायफल कमी पडली. आमच्या कॉन्डोत गणपतीला जमलेल्या मंडळींना तर त्यांनी हातवारे करून समजावलं होतं. गोळी बरोबर लागली होती, पण बोअर, म्हणजे नळीचं छिद्र, लहान. मोठ्या नराला ती पुरली नाही. इंजिनीयर माणूस दोष नेमका दाखवतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा जायचं आणि एक नंबर वरची रायफल घ्यायची, हे तिथेच ठरलं.

मग ती निवड सुरू झाली. सिंगापुरात घरात बंदूक ठेवायचा विचारसुद्धा करायचा नसतो, त्यामुळे हे सगळं संशोधन कागदावर. पहिली रायफल थ्री-ओ-एट बोअरची होती. तिच्यापेक्षा मोठी कुठली, यावर काकांनी व्हिडिओ बघितले, आलेख काढले, न्यूझीलंडच्या ग्रॅहम नावाच्या त्या शेतकऱ्याला ईमेलवर ईमेल धाडले. शेवटी थ्री-सेव्हन्टी-फाइव्हवर येऊन थांबले. ग्रॅहमने कळवलं की माझ्याकडे आहे, पण ती मी आफ्रिकेत रानरेड्यांसाठी वापरतो, हरणाला जुनीच भरपूर होते. काका मला ती ईमेल दाखवून हसले. "तो मला खर्चात पाडायचं टाळतोय." मी म्हटलं, दोन गोळ्यांत फरक तरी किती? त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन गोल काढून दाखवले, एकाशेजारी एक. मला ते सारखेच दिसले. "पावणेदोन मिलिमीटर," काका म्हणाले. "जवळजवळ."

काकू लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पावणेदोन मिलिमीटरने तो मेला असता?"

टेबलावरचे गोल काकांनी बोटाने पुसले, पण ते पेन्सिलीचे होते, पुसले गेले नाहीत.

न्यूझीलंडच्या दुसऱ्या खेपेला काकूंनी मला बरोबर नेलं. मी एकटी त्या थंडीत काय करू, तू चल, तुझी सुट्टी आहे असं समज, असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याकडून परवानगीही परस्पर मिळवली. ग्रॅहमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं. चहूकडे मेंढ्या, मधे एक पत्र्याचं घर. ग्रॅहम उंच, कमी बोलणारा, हात पुसत पुसत बोलायची सवय असलेला माणूस. त्याने लोखंडी कपाटातून दोन्ही रायफली काढून टेबलावर ठेवल्या. लहानीवरचा लाकडी भाग घासून घासून गुळगुळीत झालेला. मोठी जाड, काळी, जड. काकांनी मोठी उचलली, खांद्याला लावली आणि त्यांच्या चेहऱ्यावर नव्या बुटांच्या दुकानातलं समाधान आलं.

डोंगरावर जाण्याआधी ग्रॅहम प्रत्येकाला मागच्या कुरणात कागदी निशाणावर गोळ्या मारायला लावतो. प्रत्येक वेळी तो स्वतः गोळी भरायचा आणि रायफल काकांच्या हातात द्यायचा. काका गवतावर आडवे, मी आणि काकू मागे कानांवर ते मोठे हेडफोन लावून. पहिली गोळी सुटली तेव्हा छातीत दणका बसला. मेंढ्या एकदम पळाल्या. दुसरीही तशीच. निशाणाच्या कागदाला मात्र काहीच झालं नव्हतं. दोन्ही गोळ्या खालच्या मातीत गेल्या होत्या. काका म्हणाले की रायफलवरची दुर्बीण हललेली दिसतेय.

तिसऱ्या वेळी ग्रॅहमने नेहमीसारखाच गोळी भरायचा बोल्ट मागे-पुढे केला, पण गोळी आत घातली नाही. मी बघितलं. काकांनी बघितलं नाही. त्यांनी श्वास रोखला, चाप ओढला.

टक्, एवढाच आवाज झाला.

गोळी नव्हती, धक्का नव्हता, काही नव्हतं. तरी काकांचा खांदा मागे उडाला, रायफलचं तोंड झटक्याने खाली गेलं आणि आपण कांदा चिरताना मिटतो तसे त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. सगळा चेहरा नाकाशी गोळा झालेला. आणि वाईट हे की ते डोळे लगेच उघडले नाहीत. काका आवाजाची वाट बघत तसेच पडून राहिले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांना ते माहीत नव्हतं. काकूंना आधी हसू फुटलं, मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली.

ग्रॅहम त्यांच्याजवळ उकिडवा बसला. फार हळू बोलला, पण मला ऐकू आलं. रायफलचा दोष नाही, तो म्हणाला. लहान असो की मोठी, गोळी सुटते तेव्हा तुम्ही तिथे नसताच. पुष्कळांचं होतं असं. आणि मोठी घेतली की आणखी होतं.

काका उठले. गुडघ्यावरचं गवत झटकलं. कुणी ज्युनियरने गळती दाखवून द्यावी तसं ग्रॅहमला नीट 'थँक यू' म्हणाले. मग कुंपणापाशी जाऊन मेंढ्यांकडे बघत उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. दुसऱ्याची लाज बघणं हेही एक आगंतुकपण असतं, आणि मी तर विमानाचं तिकीट काढून तिथे पोचले होते.

संध्याकाळी शेगडीपाशी बसल्यावर ते आपणहून बोलले. मला नाही, काकूंनाही नाही, शेगडीला. त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. दारू वरून ठासायची आणि चापाजवळ टिकली. चाप ओढला की टिकली डोळ्याशेजारी फुटते, ठिणग्या उडतात. वाडीतल्या एकाचा डोळा त्यातच गेला होता. म्हणून वडिलांनी त्यांना पहिल्यांदा बंदूक हातात दिली तेव्हा पहिली शिकवण हीच दिली, की चाप ओढताना डोळे मिट. वडील स्वतः मिटायचे. सगळी टोळी मिटायची. तिथे डुक्कर पाचसहा हातांवरून जायचं, डोळे मिटूनही लागायचं.

"ते बरोबरच शिकवत होते," काका म्हणाले. "मीच पुढे बघितलं नाही. वर्षभर त्या रायफलीला नावं ठेवली. चारचौघांत ठेवली. आणि ते हरीण बिचारं..." तिथे थांबले. ग्रॅहमच्या बायकोने हरणाचा रस्सा आणला. काकांनी पाव आणि बटाटे घेतले. तिने आग्रह केला नाही. मला उगाच काकांच्या गावच्या, गपचूप डाळ वाढणाऱ्या बाया आठवल्या, ज्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

सकाळी ग्रॅहमने लहान रायफल घेतली. तो म्हणाला, मी तुम्हाला खूप जवळ नेतो, जमेल. आम्ही चढलो. काकांचे नऊ नंबरचे बूट दगडांवर वाजत होते, म्हणून अर्ध्या वाटेत त्यांनी ते काढले आणि मोज्यांनी चालले. थंडीने पाय बधिर झाले असतील. एका कड्याखाली नर उभा होता, मोठ्या शिंगांचा, शांतपणे चरत. इतका जवळ की त्याच्या तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. ग्रॅहमने दगडावर पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली आणि बाजूला सरकला.

काका तिच्यामागे आडवे झाले. गाल लाकडाला लावला. बोट चापाजवळ नेलं. मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होते. ते उघडे होते, खूप उघडे, पाणी भरलेले. पुष्कळ वेळ गेला. नराने मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

काकांनी बोट काढून घेतलं.

"माका म्हायत आसा," ते काकूंना म्हणाले. त्या माझ्या मागे बसल्या होत्या. एरवी ते शुद्ध बोलायचे, मालवणी फक्त घराच्या आत. "डोळे मिटतले."

मग ग्रॅहमकडे वळून इंग्रजीत म्हणाले, आज नको. याला मी तसा लंगडत जाऊ देणार नाही. ग्रॅहमने काही न विचारता रायफल रिकामी केली. उतरताना काकांना बूट सापडेनात, ते मीच शोधून आणले.

परत आल्यावर कॉन्डोच्या बार्बेक्यू पिटपाशी आमच्या मराठी मंडळींचं जेवण झालं. काकांच्याच कंपनीत जहाजं चालवलेले कॅप्टन भिडे आले होते, आवाज अजून डेकवर असल्यासारखा. "काय सावंत," त्यांनी चिमट्याने कबाब उलटत विचारलं, "या वेळी तोफ घेऊन गेला होतात म्हणे. काय पाडलंत?"

सगळे वळले. काकूंनी उत्तर विमानातच तयार केलेलं असावं. त्या पटकन म्हणाल्या, "अहो, पाऊसच इतका होता तिथे."

"पाऊस नव्हता," काका म्हणाले. हातात रिकामी प्लेट होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "बंदूक चांगली होती. मागच्या वेळचीही चांगली होती. चाप ओढताना मी डोळे मिटतो. ते हरीण माझ्यामुळे जखमी होऊन गेलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

मग भिडे म्हणाले, "अहो, आम्ही तर लग्नातच मिटले," आणि सगळे हसले. सुटका झाल्यासारखे हसले. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते हसणं आपल्या वाटणीचं आहे असं समजून त्यांनी ते घेतलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. मग त्यांनी भिड्यांच्या हातातून चिमटा घेतला आणि सगळ्यांना कबाब वाढले. एकेकाला विचारून, आणखी एक घ्या म्हणून. स्वतः मक्याचं कणीस खाल्लं.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारून सकाळी थाळी वाजल्याचा आवाज यायला लागला. एकदा ठण्, मग शांतता, मग पुन्हा ठण्. मला वाटलं, काकूंनी नवीन पूजा सुरू केली. नवरा म्हणाला, मॅनेजमेंटकडे तक्रार जाणार बघ.

पुढच्या हंगामाला काका जाणार होते. ग्रॅहमला कळवलंही होतं, की लहान रायफल ठेव. ते जाणं झालं नाही. त्याच्या आधीच एका दुपारी छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत. वर्ष होत आलं आता. काकूंनी त्यांच्या तेराव्याला गोड केलं. इतर वेळी गावाकडून कोणी आलं, तर त्यांना त्या मटण करून घालतात, पण काकांच्या फोटोपुढे कधी ठेवत नाहीत. मी कारण विचारलेलं नाही. मला माहीत आहे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ती रविवारची सकाळ होती. त्यांच्या घरी पोहे द्यायला गेले, दार उघडंच होतं. काका खिडकीसमोर स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, समोरच्या काचेवर चिकटवलेल्या एका टिकलीकडे टक लावून. ती काकूंच्या कपाळाची टिकली होती, सगळ्यांत बारीक. मागे काकू स्टीलची थाळी आणि पळी घेऊन उभ्या. मला बघून त्या ओशाळल्या, आणि थाळी पाठीमागे लपवायला लागल्या.

काकांना काचेत मी दिसले असणार. ते वळले नाहीत. कान लाल झाले तेवढे दिसले. मग म्हणाले, "मीनल ना? ये. तू वाजव जरा, हिचा हात भरून आला. शैला, तू पुढे ये नि बघ."

मी पोहे ठेवले आणि थाळी घेतली. काकू खिडकीशी, टिकलीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काकांच्या मानेमागे, कानापासून हातभर अंतरावर, मी जोरात पळी मारली. ठण्.

काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे गच्च मिटले होते.

"मिटले?" त्यांनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. बोटांनी पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "नाही. या वेळी नाही मिटले."

काका टिकलीकडे बघत अगदी हळू म्हणाले, "खोटा कित्याक सांगतंस?"

आणि मला म्हणाले, "परत वाजव."